श्वसनमार्गातील कोशिकांचे व्हायरसविरोधी संरक्षण

श्वसनमार्गातील कोशिकांचे व्हायरसविरोधी संरक्षण : नाकापासून फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंतच्या हवेच्या वाटेला आतून अस्तर असते. या अस्तरातील कोशिका (पेशी) श्वासाबरोबर आत येणाऱ्या व्हायरसांना अडविण्यासाठी, त्यांना ओळखण्यासाठी आणि त्यांची वाढ थांबविण्यासाठी ज्या क्रिया करतात, त्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. हे अस्तर म्हणजे केवळ एक निष्क्रिय पडदा असून रोगाशी झुंज देण्याचे कार्य रक्तातील पांढऱ्या कोशिका व प्रतिपिंडे हीच करतात, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या संशोधनामुळे तो मागे पडला. व्हायरसाशी पहिला सामना अस्तरातील कोशिकांचाच होतो. धोक्याची पहिली सूचनाही त्याच देतात आणि पुष्कळदा संक्रामण तेथेच संपुष्टात येते.

प्रौढ व्यक्ती दररोज सु. १०,००० लि. हवा आत घेते. या हवेतून धूळ, परागकण, सूक्ष्मजंतू व व्हायरस सतत आत येत असतात. त्या मानाने माणूस क्वचितच आजारी पडतो, यावरून या संरक्षणाची कार्यक्षमता लक्षात येते. आजार होईल की नाही आणि झाल्यास तो सौम्य राहील की गंभीर होईल, हे व्हायरसाच्या जातीवर व मात्रेवर अवलंबून असते. पण तितकेच ते कोशिकांच्या प्रतिकाराच्या वेळेवरही अवलंबून असते. लवकर सुरू होऊन लवकर थांबणारा प्रतिकार हितकारक ठरतो. उशिरा सुरू होऊन लांबत गेलेला तोच प्रतिकार फुप्फुसाची हानी करतो.

रचना : नाकाची पोकळी, श्वासनाल आणि श्वासनलिका यांच्या आतील पृष्ठभागावर अभिस्तराचे (पृष्ठभाग झाकणाऱ्या कोशिकांच्या थराचे) आच्छादन असते. त्यात मुख्यत्वे तीन प्रकारच्या कोशिका आढळतात. पहिल्या प्रकारच्या कोशिकांच्या मुक्त टोकावर पक्ष्माभिका (केसासारख्या सूक्ष्म हालत्या वाढी) असतात. दुसऱ्या चषक कोशिका होत. त्या श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) निर्माण करतात. तिसऱ्या तल कोशिका अभिस्तराच्या तळाशी असतात आणि झिजलेल्या वा मेलेल्या कोशिकांची जागा भरून काढण्यासाठी नव्या कोशिका तयार करतात. शेजारशेजारच्या कोशिका वरच्या टोकाजवळ एकमेकींना घट्ट जोडलेल्या असल्यामुळे व्हायरसाला त्यांच्या फटींतून खाली उतरणे कठीण जाते.

वायुकोशांची रचना निराळी असते. तेथे हवा व रक्त यांच्यात वायूंची देवघेव व्हावयाची असल्याने अस्तर अतिशय पातळ असते. बहुतेक पृष्ठभाग चपट्या कोशिकांनी व्यापलेला असतो. त्यांच्यामध्ये विखुरलेल्या घनाकार कोशिका वायुकोश मिटू न देणारा स्राव निर्माण करतात. या स्रावातील काही प्रथिने व्हायरसांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांना निष्प्रभ करतात. तथापि वायुकोशांत पक्ष्माभिका नसतात. नाकात व श्वासनलिकांत थोडी सूज आली, तर केवळ सर्दी-खोकला होतो. वायुकोशांत द्रव साठला, तर प्राणवायूचा पुरवठाच धोक्यात येतो. म्हणून व्हायरसाला वरच्या भागात रोखणे अत्यंत महत्त्वाचे असते.

श्लेष्मा व पक्ष्माभिका : श्वसनमार्गाचा पहिला अडथळा यांत्रिक स्वरूपाचा आहे. एका कोशिकेवर सु. २०० पक्ष्माभिका असतात. त्यांची लांबी सु. ६ ते ७ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) असून त्या दर सेकंदाला सु. १० ते १५ वेळा एकाच दिशेने फटकारे मारतात. त्यांच्याभोवती पातळ द्रवाचा थर असतो आणि त्यावर चिकट श्लेष्म्याचा थर तरंगत असतो. फटकाऱ्यांमुळे हा वरचा थर दर मिनिटाला काही मिमी. या वेगाने घशाकडे सरकत राहतो. नाकातील श्लेष्मा मागे आणि श्वासनलिकांतील श्लेष्मा वर, अशी ही गती असते. त्यात अडकलेले कण व व्हायरस नकळत गिळले जातात व त्यांतील बहुतेक जठरातील अम्लामुळे नष्ट होतात.

श्लेष्मा म्हणजे केवळ चिकट पाणी नव्हे. त्यातील म्युसीन या मोठ्या रेणूंवर शर्करांच्या साखळ्या असतात व पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला सायालिक अम्ल असते. इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस कोशिकेत शिरण्यापूर्वी तिच्या पृष्ठभागावरील सायालिक अम्लालाच चिकटतो. श्लेष्म्यात तेच अम्ल आढळल्यामुळे तो फसतो आणि कोशिकेपर्यंत पोहोचण्याआधीच अडकून पडतो. या आमिषातून सुटण्यासाठी व्हायरसाजवळ सायालिक अम्ल तोडणारे न्यूरामिनिडेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) असते. श्लेष्म्यात लायसोझाइम व लॅक्टोफेरीन यांसारखी सूक्ष्मजीवरोधी प्रथिने असतात. पूर्वी झालेल्या संक्रामणामुळे तयार झालेली आयजीए या प्रकारची प्रतिपिंडेही त्यात असतात.

पक्ष्माभिकांचे महत्त्व त्यांच्या जन्मजात दोषांवरून स्पष्ट झाले. स्वीडनमधील शास्त्रज्ञ ब्यर्न आफ्झेलियस यांनी १९७६ मध्ये असे दाखविले की, काही रुग्णांच्या पक्ष्माभिकांत गती निर्माण करणारे प्रथिनाचे भाग नसतात. अशा रुग्णांना लहानपणापासून वारंवार सर्दी, नाकाभोवतीच्या अस्थींतील पोकळ्यांचा शोथ (दाहयुक्त सूज) व श्वासनलिकांचे विकार होतात.

व्हायरसाची ओळख : पहिला अडथळा ओलांडून व्हायरस कोशिकेच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहीला (रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो व आत शिरतो. निरनिराळे व्हायरस निरनिराळे ग्राही वापरतात. इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस सायालिक अम्लाला चिकटतो, तर कोविड-१९ या रोगाचा व्हायरस एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो. हे प्रथिन नाकातील कोशिकांवर अधिक व खोलवरच्या श्वासनलिकांत कमी प्रमाणात असल्याचे आढळले आहे.

आत शिरलेला व्हायरस स्वतःच्या आनुवंशिक द्रव्याच्या प्रती काढू लागतो. श्वसनमार्गाच्या बहुतेक महत्त्वाच्या व्हायरसांत हे द्रव्य रिबोन्यूक्लिइक अम्ल (आरएनए) असते. कोशिकेतही आरएनए असतेच. त्यामुळे आपले कोणते व परके कोणते हे ठरविणे हा कोशिकेपुढील खरा प्रश्न असतो. त्यासाठी ती काही खुणा पाहते. प्रती काढताना व्हायरसाच्या आरएनएचे लांब दुपदरी रेणू तयार होतात. निरोगी कोशिकेत असे रेणू सहसा नसतात. तसेच कोशिकेच्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर रासायनिक टोपी असते. व्हायरसाच्या आरएनएचे टोक कित्येकदा उघडे असते.

या खुणा ओळखणारी प्रथिने कोशिकेत दोन ठिकाणी असतात. बाहेरून आत घेतलेल्या द्रव्याच्या पिशव्यांत टोलसदृश ग्राही असतात आणि पिशव्यांबाहेरील कोशिकाद्रव्यात रिग-आय व त्याच्यासारखी इतर प्रथिने असतात. माश्यांमधील टोल या प्रथिनाचे प्रतिकारातील कार्य फ्रान्समधील झ्यूल ऑफमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. सस्तन प्राण्यांतील तशाच ग्राहींवरील कार्याबद्दल ब्रूस बॉइट्लर यांना आणि ऑफमान यांना २०११ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून देण्यात आला. खूण पटताच ही प्रथिने संदेशांची एक साखळी सुरू करतात, तिचे शेवटचे दुवे कोशिकेच्या केंद्रकात पोहोचतात आणि एरवी बंद असलेली काही जनुके कार्यान्वित होतात. इंटरफेरॉनांची जनुके त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची होत.

इंटरफेरॉन : एका व्हायरसाचे संक्रामण झालेल्या प्राण्याला त्याच वेळी दुसऱ्या व्हायरसाचे संक्रामण सहजी होत नाही, हे शास्त्रज्ञांना १९३० च्या दशकापासून ठाऊक होते. या घटनेचा शोध घेताना ॲलिक आयझॅक्स व झां लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडन येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत एक प्रयोग केला. कोंबडीच्या अंड्यातील पटलाच्या तुकड्यांवर त्यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेला इन्फ्ल्यूएंझाचा व्हायरस सोडला व नंतर भोवतालचा द्रव काढून घेतला. या द्रवात ठेवलेल्या ताज्या पटलात जिवंत व्हायरसाची वाढ होईना. कोशिकांनी बाहेर सोडलेला एक पदार्थ व्हायरसाच्या वाढीत अडथळा आणतो, असे अनुमान काढून त्यांनी त्याला इंटरफेरॉन हे नाव दिले. अशाच स्वरूपाचे निरीक्षण यासुइची नागानो व यासुहिको कोजिमा या जपानी शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये नोंदविले होते.

इंटरफेरॉन स्वतः व्हायरसाचा नाश करीत नाही. ते संक्रामित कोशिकेतून बाहेर पडते व शेजारच्या कोशिकांवरील ग्राहींना चिकटते. त्यामुळे त्या कोशिकांत शेकडो जनुके कार्यान्वित होऊन व्हायरसाच्या मार्गात पावलोपावली अडथळे उभे करणारी प्रथिने तयार होतात. काही प्रथिने व्हायरसाला पिशवीतून कोशिकाद्रव्यात उतरू देत नाहीत. काही दुपदरी आरएनए आढळताच कोशिकेतील प्रथिननिर्मितीच थांबवितात, तर काही आरएनएचे तुकडे करणारे एंझाइम जागृत करतात. एमएक्स या गटातील प्रथिने इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसाच्या गाभ्याला अडकवून ठेवतात. उंदरांच्या एका विशिष्ट वाणाला इन्फ्ल्यूएंझा होत नाही, असे लिंडेनमान यांना १९६० च्या दशकाच्या आरंभी आढळले होते; या गटाच्या शोधाचे मूळ त्या निरीक्षणात आहे.

इंटरफेरॉनांचे तीन प्रकार असून अभिस्तराच्या दृष्टीने पहिला व तिसरा हे महत्त्वाचे आहेत. पहिल्या प्रकारचे ग्राही शरीरातील जवळजवळ सर्व कोशिकांवर असल्याने त्याचा परिणाम सर्वदूर होतो. ताप, अंगदुखी व थकवा यांस ते बऱ्याच अंशी कारणीभूत असते. तिसऱ्या प्रकाराचा शोध २००३ मध्ये लागला. त्याचे ग्राही मुख्यत्वे श्वसनमार्ग व आतडे यांच्या अभिस्तरावर असतात. त्यामुळे संपूर्ण शरीर न ढवळता केवळ दाराशीच पहारा वाढविण्याचे काम ते करते.

आत्मनाश व इतर कोशिकांचे साहाय्य : व्हायरसाची वाढ रोखता आली नाही, तर संक्रामित कोशिका पुष्कळदा स्वतःचा नियंत्रित रीतीने नाश करून घेते. नवे व्हायरस पूर्ण तयार होण्यापूर्वी हे घडले, तर त्यांचा प्रसार तेथेच खुंटतो. मेलेल्या कोशिका अस्तरातून सुटून श्लेष्म्याबरोबर बाहेर टाकल्या जातात व तल कोशिका ती जागा भरून काढतात.

याच काळात अभिस्तर-कोशिका रासायनिक संदेश सोडून रक्तातील कोशिकांना बोलावून घेतात. भक्षिकोशिका तासांत येऊन पोहोचतात. संक्रामित कोशिकांना ठार करणाऱ्या नैसर्गिक मारक कोशिका त्यानंतर एकदोन दिवसांत येतात. त्या विशिष्ट व्हायरसासाठी घडविलेल्या लसीका कोशिका व प्रतिपिंडे तयार होण्यास, व्हायरसाची गाठ प्रथमच पडली असल्यास, साधारणपणे एक आठवडा किंवा अधिक काळ लागतो. इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसाची नवी पिढी सु. ६ ते ८ तासांत कोशिकेबाहेर पडू लागते, हे लक्षात घेता पहिल्या आठवड्याचा भार अभिस्तराला जवळजवळ एकट्यालाच का वाहावा लागतो ते समजते.

व्हायरसांचे प्रतिडाव : दीर्घकाळच्या सहवासात व्हायरसांनीही या संरक्षणावर उपाय विकसित केले आहेत. इन्फ्ल्यूएंझाच्या व्हायरसाचे एनएस-१ हे प्रथिन दुपदरी आरएनए झाकून टाकते व इंटरफेरॉनाच्या निर्मितीचा संदेश पुढे जाऊ देत नाही. कोविड-१९ च्या व्हायरसाचे एक प्रथिन कोशिकेच्या प्रथिननिर्मितीची यंत्रणाच अडविते. त्यामुळे धोका ओळखूनही कोशिकेला इंटरफेरॉन पुरेसे तयार करता येत नाही. लहान मुलांत सूक्ष्म श्वासनलिकांचा शोथ निर्माण करणारा श्वसनमार्ग-बहुकेंद्रकी व्हायरस (आरएसव्ही) आपल्या दोन प्रथिनांच्या साहाय्याने असेच करतो. त्याने संक्रामित झालेल्या पक्ष्माभिकायुक्त कोशिका गळून पडतात व श्लेष्म्यासह अर्भकांच्या अरुंद नलिकांत अडकून श्वास कोंडतात.

संरक्षणाची किंमत : नेहमीची सर्दी बहुधा ऱ्हायनोव्हायरसांमुळे होते. हे व्हायरस नाकातील अभिस्तराची फारशी मोडतोड करीत नाहीत. नाक वाहणे, चोंदणे, शिंका व घसा दुखणे ही लक्षणे मुख्यतः शरीराच्या प्रतिकारामुळे उद्‌भवतात. सर्दीत ही किंमत क्षुल्लक असते. पण फुप्फुसांत ती जिवावर बेतू शकते. तेथे भक्षिकोशिकांनी सोडलेली द्रव्ये वायुकोशांच्या पातळ भिंतींना इजा करतात, केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो व प्राणवायूची देवघेव मंदावते. इंटरफेरॉनाचा प्रभाव दीर्घकाळ टिकल्यास नव्या कोशिकांची निर्मिती मंदावून अस्तराची दुरुस्ती लांबते, असे उंदरांवरील २०२० मधील प्रयोगांत दिसून आले. अस्तर उघडे पडल्यावर सूक्ष्मजंतूंना वाट मोकळी होते. इन्फ्ल्यूएंझानंतर होणारा न्यूमोनिया कित्येकदा अशा दुय्यम संक्रामणाचा असतो.

व्यक्तिपरत्वे आढळणारे फरक : एकाच व्हायरसाने एक व्यक्ती दोन दिवस शिंकते, तर दुसरी रुग्णालयात दाखल होते. या फरकाची काही कारणे आता ज्ञात झाली आहेत. कोविड-१९ च्या गंभीर रुग्णांच्या २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय पाहणीत ९८७ पैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. त्यांत बहुसंख्य पुरुष होते व पुष्कळजण उतारवयाचे होते. काही रुग्णांत व्हायरस ओळखणाऱ्या साखळीतील जनुकांत जन्मजात दोष आढळले. याउलट मुलांच्या नाकातील कोशिकांत व्हायरस ओळखणारी प्रथिने आधीपासूनच अधिक प्रमाणात असतात व त्यामुळे त्यांचा प्रतिसाद जलद होतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

तापमानाचाही परिणाम होतो. नाकाच्या पोकळीचे तापमान फुप्फुसापेक्षा कमी, सु. ३३° से. असते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या श्वसनमार्गातील कोशिकांवर केलेल्या प्रयोगात ३७° से. पेक्षा ३३° से. तापमानास इंटरफेरॉनाचा प्रतिसाद मंद होतो व ऱ्हायनोव्हायरस अधिक वाढतो, असे आढळले. कोरड्या हवेत श्लेष्मा घट्ट होऊन त्याचे वहन मंदावते. तथापि ऋतुमान व रोग यांचा संबंध सर्वत्र सारखा नसतो. महाराष्ट्रात इन्फ्ल्यूएंझाचा जोर हिवाळ्याइतकाच, किंबहुना अधिक, पावसाळ्यात दिसून येतो. कोंदट घरांत व वाहनांत लोकांचा वाढणारा निकट सहवास हे त्याचे एक कारण मानले जाते.

तंबाखूचा व चुलीचा धूर पक्ष्माभिकांची हालचाल मंदावतो व त्यांची संख्या घटवितो. चषक कोशिकांची संख्या मात्र वाढते. परिणामी श्लेष्मा अधिक व त्याचे वहन कमी, अशी स्थिती निर्माण होते. ओतकामातील सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांतील भक्षिकोशिकांना इजा करते. वेल्डिंगचा धूर नियमितपणे हुंगणाऱ्या कामगारांत न्यूमोनियाचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून औद्योगिक वसाहतींत व्हायरसजन्य रोगांच्या साथीचा विचार हवेच्या शुद्धतेपासून अलग करता येत नाही.

साथींतील अनुभव : महाराष्ट्राला श्वसनमार्गाच्या व्हायरसजन्य साथींचा दीर्घ अनुभव आहे. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाची साथ त्या वर्षीच्या जून महिन्यात मुंबईत प्रकट झाली व सप्टेंबरपासून आलेल्या दुसऱ्या लाटेत ती देशभर पसरली. भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या साथीतील बहुतेक मृत्यू अस्तर उद्‌ध्वस्त झाल्यावर शिरलेल्या सूक्ष्मजंतूंच्या न्यूमोनियामुळे झाले असावेत, असे जतन केलेल्या फुप्फुस-ऊतकांच्या नंतरच्या परीक्षणावरून दिसते. २००९ मध्ये इन्फ्ल्यूएंझाचा एच१एन१ हा नवा प्रकार जगभर पसरला; त्याने भारतात झालेल्या पहिल्या मृत्यूची नोंद ३ ऑगस्ट २००९ रोजी पुणे येथे झाली. व्हायरसांचे निदान व अभ्यास यांसाठी पुण्यात १९५२ मध्ये व्हायरस संशोधन केंद्र स्थापन झाले होते. १९७८ मध्ये त्याचे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असे नामकरण झाले. दोन्ही साथींच्या वेळी, २००९ मध्ये व २०२० मध्ये, या संस्थेने निदानाची धुरा वाहिली.

बजाजनगरचे उदाहरण कोशिकांच्या प्रतिकाराचा सामाजिक अर्थ स्पष्ट करणारे आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहराच्या पश्चिमेस वाळूज औद्योगिक क्षेत्र आहे. बजाज ऑटो कंपनीचा कारखाना तेथे १९८५ मध्ये सुरू झाल्यावर त्याच्या आधाराने अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि कामगारांची बजाजनगर ही दाट वस्ती वाढली. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेले अनेक तरुण तेथे भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहतात आणि पाळ्यांत काम करतात. २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल होऊन कारखाने पुन्हा सुरू झाल्यावर वाळूज-बजाजनगर परिसरात कोविड-१९ च्या रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली; १० ते १८ जुलै २०२० या काळात शहर व वाळूज परिसर यांत कडक टाळेबंदी पाळण्यात आली.

त्या काळी कारखान्यांच्या व कार्यालयांच्या प्रवेशद्वारांवर प्रत्येकाचे तापमान मोजण्याची पद्धत देशभर रूढ झाली होती. ही दक्षता अपुरी का ठरली, याचे उत्तर अभिस्तराच्या कार्यपद्धतीत सापडते. ताप हे व्हायरसाचे नव्हे, तर शरीराच्या प्रतिकाराचे लक्षण आहे. कोविड-१९ चा व्हायरस इंटरफेरॉनाची सूचना प्रारंभी दडपून टाकतो. त्यामुळे नाकात व्हायरसाची भरपूर वाढ होत असतानाही एकदोन दिवस ताप, कणकण वा थकवा जाणवत नाही. रुग्ण सर्वांत अधिक संसर्गजनक असतो तो लक्षणे दिसू लागण्याच्या सुमारास व त्याच्या किंचित आधी. तरुणांपैकी पुष्कळांत तर लक्षणे अत्यंत सौम्य असतात किंवा मुळीच नसतात. असा कामगार निरोगी समजून कामावर जातो, सायंकाळी खोलीवर परततो व नकळत रोग पसरवितो. त्याच्या स्वतःच्या कोशिकांनी ही लढाई सहज जिंकलेली असते. पण तोच व्हायरस गावाकडील वा शेजारच्या वृद्ध व्यक्तीच्या मंदावलेल्या प्रतिकारावर मात करू शकतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता मुखपट्टी वापरणे, खोल्यांत व कार्यशाळांत हवा खेळती ठेवणे आणि संपर्कातील व्यक्तींची चाचणी करणे या उपायांना अशा वस्त्यांत विशेष महत्त्व असते. मुखपट्टीमुळे आत शिरणाऱ्या व्हायरसाची मात्राही घटते आणि अभिस्तराला आवश्यक तो अवधी मिळण्याची शक्यता वाढते.

उपचार व प्रतिबंध : इंटरफेरॉनाचा औषध म्हणून उपयोग करण्याचे प्रयत्न त्याच्या शोधानंतर लवकरच सुरू झाले. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथील सर्दी संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या आरंभी स्वयंसेवकांच्या नाकात इंटरफेरॉन फवारून नंतर त्यांना ऱ्हायनोव्हायरस देण्यात आला. इंटरफेरॉनामुळे सर्दीला प्रतिबंध होतो, असे त्यात दिसले. पुढील अभ्यासांत मात्र अनेक दिवस वापर केल्यास नाकाच्या अस्तराचा क्षोभ होऊन नाक चोंदते व त्यातून रक्त येते असे आढळल्याने हा उपाय रूढ झाला नाही.

वेळेचे महत्त्व कोविड-१९ वरील उपचारांत ठळकपणे दिसून आले. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना इंटरफेरॉन-बीटा देऊन मृत्यूचे प्रमाण घटत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने आयोजित केलेल्या मोठ्या चाचणीत आढळले. उलट ब्राझील व कॅनडा येथील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे दिसू लागल्यापासून सात दिवसांच्या आत तिसऱ्या प्रकारच्या इंटरफेरॉनाची केवळ एक मात्रा टोचल्यावर रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा तत्सम उपचार लागण्याचे प्रमाण ५·६ टक्क्यांवरून २·७ टक्क्यांवर आले. शोथ शमविणाऱ्या डेक्सामेथासोन या औषधाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. २०२० मधील ब्रिटिश चाचणीत कृत्रिम श्वसनयंत्रावरील व प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू त्याने कमी झाले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही. प्रारंभी प्रतिकाराला बळ देणे व नंतर त्याला आवर घालणे, हे उपचाराचे सूत्र यातून स्पष्ट होते. सौम्य आजारात वैद्यकीय सल्ल्यावाचून अशी औषधे घेणे म्हणूनच घातक ठरू शकते.

स्नायूत टोचलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार होऊन गंभीर आजार टळतो. परंतु नाकाच्या श्लेष्म्यातील आयजीए प्रतिपिंडे त्यामानाने थोडी निर्माण होतात. लसीकरणानंतरही सौम्य संक्रामण होण्याचे हे एक कारण आहे. व्हायरसाला दाराशीच अडविण्यासाठी नाकावाटे द्यावयाच्या लशींचा विकास करण्यात येत आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने एच१एन१ इन्फ्ल्यूएंझावरील अशी लस २०१० मध्ये उपलब्ध केली. तिच्यातील जिवंत पण दुर्बल केलेला व्हायरस नाकाच्या थंड पोकळीत वाढू शकतो, मात्र फुप्फुसाच्या अधिक तापमानात त्याची वाढ खुंटते. हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीच्या कोविड-१९ वरील नाकावाटे द्यावयाच्या लशीला भारतात सप्टेंबर २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळाली. नाकातील प्रतिकारक्षमता किती काळ टिकते व ती रोगाचा प्रसार कितपत रोखते, यांवर अशा लशींची उपयुक्तता अवलंबून राहील.